बासवुडची माणसं

नॉर्वेजियन माणसाचं सगळ्यात लाडकं पान नॉर्वेत उगवत नाही. जुन्या कपाटांच्या माथ्यावर, घड्याळाच्या पेट्यांवर, आरशांच्या चौकटींवर, चर्चच्या वेदीवर, जिथे म्हणून लाकूड आहे तिथे हे पान वळसे घेत, कडा मुरडत पसरलेलं असतं. नाव अकांथस, मूळ गाव ग्रीसकडचं. नॉर्वेतला एक हिवाळा उघड्यावर काढायची वेळ आली तर बिचारं मार्चपर्यंत तग धरणार नाही.

त्याची जन्मकथा व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानं लिहून ठेवली आहे. कॉरिंथमधली एक मुलगी ऐन लग्नाच्या वयात वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीच्या वस्तू एका टोपलीत भरल्या, टोपली थडग्यावर ठेवली आणि वर एक कौल झाकलं. टोपली नेमकी अकांथसच्या मुळावर बसली. वसंतात पानं टोपलीच्या अंगानं वर चढली आणि कौलाला अडून बाहेर मुरडली. वाटेनं जाणाऱ्या कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकाराला ते आवडलं आणि त्यानं ते दगडी खांबाच्या माथ्यावर उतरवलं. पुढे ते पान ग्रीसहून रोमला, रोमहून युरोपभर, असं शतकानुशतकं रमतगमत उत्तरेला निघालं. 1699 साली आजच्या ऑस्लोच्या मुख्य चर्चमध्ये वेदी बसली, तिच्यावर ते येऊन पोचलं. तिथून ते गुडब्रान्सडालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी उचललं. 1740 च्या दशकात याकोब क्लुकस्टाड या कारागिरानं लेशा गावच्या चर्चमध्ये ते असं काही फुलवलं, की पुढच्या पिढ्यांना हे पान आपल्याच परसातलं वाटायला लागलं. आणि मग ही मंडळी अमेरिकेला निघाली तेव्हा तेही पेटाऱ्यांवर बसून सोबत आलं.

शेजारच्या आजोबांना मी ही कथा मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मिनेसोटातले नॉर्वेजियन वंशाचे लोक ऐकून घेतात. त्यांचं मत काय झालं ते कळायला बहुतेक वेळा पुढचा हिवाळा यावा लागतो. या खेपेला उत्तर लगेच आलं.

"आमच्याकडे पानं कोरत नाहीत," ते म्हणाले. "माणसं कोरतात."

आम्ही राहतो ते रॉचेस्टर. मेयो क्लिनिकमुळे इथे जगभरची माणसं आहेत, त्यात आम्ही मराठीही आहोत. आजोबा मूळचे इथून दक्षिणेला, आयोवातल्या डेकोरा गावाच्या बाजूचे. त्यांच्या आजोबांनी नॉर्वेहून येताना खिशात एक चाकू आणला होता. त्या चाकूचं पातं धार लावून लावून आता पेन्सिलीएवढं अरुंद झालं आहे, तरी तो आहे. आजोबांचे आजोबा कोरायचे, वडील कोरायचे, ते स्वतः कोरतात, नात कोरते. मधला मुलगा कोरत नाही. तो विमा विकतो. त्याबद्दल घरात कोणी वावगं बोलत नाही. त्याला दर नाताळात नवा चाकू भेट मिळतो, एवढंच.

ही माणसं अमेरिकेत आली कशी, याचा आकडा मला आवडतो. 4 जुलै 1825 रोजी स्टावांगर बंदरातून 'रेस्तुरासियोन' नावाचं एक चिमुकलं गलबत निघालं. त्यात 52 जण होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला उतरले तेव्हा 53 भरले, कारण वाटेत एक मुलगी जन्माला आली. एवढ्या लहान जहाजात इतकी माणसं भरून आणली म्हणून बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी दंड ठोठावला. पुढच्या शंभर वर्षांत त्या वाटेनं आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन आले. देशाची तीनेक टक्के जमीन काय ती पिकाऊ, तीही थोरल्या मुलाच्या वाट्याला जायची. बाकीच्यांनी करायचं काय? इकडे 1862 च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला 160 एकर मिळत होते. नॉर्वेतल्या धाकट्या मुलाला 160 एकर हा आकडा ऐकूनच घेरी आली असणार.

फक्त एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. लाकडाच्या घरात जन्मलेली, लाकडी चमच्यानं जेवलेली, लाकडी चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली ही मंडळी पश्चिम मिनेसोटात आणि डकोटात जिथे येऊन पोचली, तिथे झाड नव्हतं. क्षितिजापर्यंत गवत. कित्येकांनी पहिली घरं गवताळ मातीची ढेकळं कापून, ती रचून बांधली. खिशात चाकू आणि तासायला कुऱ्हाडीचा दांडा, तोही एकच. सरकारलाही ही उणीव समजली असावी, कारण 1873 मध्ये आणखी एक कायदा आला: आणखी 160 एकर घ्या, पण त्यातल्या 40 एकरांवर झाडं लावा. (पाच वर्षांत सरकारनंच तो आकडा 10 एकरांवर उतरवला. 40 एकर झाडं जगवणं म्हणजे काय हे वॉशिंग्टनमधल्यांना तेवढ्यात कळलं.) लाकडावर जीव असलेल्या माणसाला आधी झाड लावून मग त्याची वाट बघत बसावं लागलं, ही गोष्ट मला त्या काळच्या कुठल्याही युद्धकथेपेक्षा मोठी वाटते. डेकोराकडचे लोक नशीबवान. तिथे नदी, टेकड्या, रान सगळं होतं, आणि त्या रानात बासवुड होतं: पांढरट, मऊ, एकजीव लाकूड, चाकूला अजिबात न अडवणारं. घरच्या कडक बर्चची सवय असलेल्या हातांना ते लोण्यासारखं लागलं असेल.

पेटाऱ्यांतून काय काय आलं होतं ते डेकोराच्या व्हेस्टरहाइम संग्रहालयात बघायला मिळतं. 1877 साली तिथल्या ल्यूथर कॉलेजात त्याची सुरुवात झाली, म्हणजे माणसं अजून येतच होती तेव्हापासून त्यांच्या वस्तू जपणं सुरू झालं होतं. मी तिथे पुन्हा पुन्हा जाते आणि दर वेळी एकाच गोष्टीचं हसू येतं. इतक्या मेहनतीनं, समुद्र ओलांडून आणलेल्या या सुंदर वस्तूंपैकी बहुतेकींचा नव्या देशात काही उपयोगच उरला नाही.

उदाहरणार्थ, मँगल-फळी. हातभर लांब अरुंद फळी, अंगभर नक्षी, एका टोकाला धरायला घोडा. ओलसर कापड लाकडी दंडावर गुंडाळायचं आणि ही फळी वरून दाबत पुढेमागे फिरवायची, की सुरकुत्या जातात. जुन्या नॉर्वेत म्हणे मुलगा मुलीला मागणी घालताना ही फळी स्वतः कोरून द्यायचा. मुलीनं ठेवून घेतली तर होकार, परत केली तर नकार. मनगटाचं बळ, डोळ्याची नजर आणि घरकामाकडे बघण्याचा दृष्टिकोन या तिन्हींची परीक्षा एका फळीत. (तिसऱ्या विषयात तो तिथेच नापास झाला असं मला वाटतं, इस्त्री तिनंच करायची होती.) अमेरिकेत लोखंडी इस्त्र्या स्वस्त होत्या, कॅटलॉगमधून घरपोच यायच्या. फळी भिंतीवर गेली.

तीच गत लग्नाच्या चमच्यांची. दोन चमचे आणि त्यांना जोडणारी साखळी, सगळं एकाच लाकडात कोरलेलं. कुठेही सांधा नाही, कड्या मात्र मोकळ्या खुळखुळतात. नवरा-नवरीनं त्यांनी एकत्र लापशी खायची. साखळीची लांबी बेताची, त्यामुळे एकानं घास उचलला की दुसऱ्याला हात आवरावा लागणार. संसाराची तालीम म्हणून याहून नेमकं साधन मी पाहिलेलं नाही. पण मँगल-फळीच्या शेजारी भिंतीवर हेही गेले.

पंचांगाची काठी भिंतीवर जाण्यात तर काही नवल नव्हतं. ती सपाट काठी, एक बाजू उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. 14 एप्रिलला झाडाची खूण, 14 ऑक्टोबरला हातमोज्याची. वर्षातून दोनदा काठी पालटली की ऋतू बदलला. मिनेसोटात मात्र 14 एप्रिलला झाड दाखवणारी काठी म्हणजे थट्टाच. आमच्याकडे त्या दिवशी हमखास बर्फ असतो असं नाही, पण हातमोजे कपाटात ठेवायची हिंमत कोणी करत नाही.

आणि बिअरची भांडी! दोन बाजूंना घोड्यांची तोंडं असलेले मोठाले वाडगे. त्यांत तरंगणारी, बदकाच्या आकाराची छोटी लाकडी कोंबडी, जिच्या पाठीतून बिअर भरून घ्यायची. काठाभोवती पिणाऱ्याला उत्तेजन देणारी वचनं रंगवलेली. हे वाडगे अमेरिकेत आले, आणि काही दशकांनी संपूर्ण अमेरिकेत दारूबंदी झाली. तिची अंमलबजावणी करणारा 1919 चा कायदा ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो खासदार अँड्र्यू व्होल्स्टेड, मिनेसोटातल्या केन्यन गावचा, नॉर्वेजियन आईबापांचा मुलगा. शिकला कुठे? काही काळ डेकोरालाच. शेजारच्या आजोबांना हा विषय काढलेला आवडत नाही. "तो वकील होता," एवढंच ते म्हणतात, आणि लाकडाकडे वळतात.

एवढं सगळं निरुपयोगी ठरल्यावर कोरणं थांबायला हवं होतं. बऱ्याच घरांत ते थांबलंही. ज्यांच्याकडे चालू राहिलं ते हिवाळ्यामुळे, असं आजोबांचं म्हणणं. नोव्हेंबरपासून शेतात काम नाही, चार-साडेचारला अंधार, बाहेर पडायची सोय नाही. हिवाळा ही काही नॉर्वेजियनांची मक्तेदारी नव्हे, म्हणा. डेकोराच्या जवळच स्पिलव्हिल नावाचं चेक लोकांचं गाव आहे. संगीतकार द्व्होरझाक 1893 चा उन्हाळा तिथे राहिला होता. त्याच इमारतीत आज बिली आडनावाच्या दोन अविवाहित शेतकरी भावांनी कोरलेली भलीमोठी घड्याळं ठेवलेली आहेत. त्यांनी सगळी रिकाम्या हिवाळ्यांत कोरली. बायकापोरं असती तर इतकी झाली नसती, असं तिथून निघताना माझा नवरा म्हणाला. मी त्याला आठवण करून दिली, की त्यानं आपल्या रिकाम्या हिवाळ्यांत अजून एकही घड्याळ कोरलेलं नाही.

माझं मत हिवाळ्याच्या पुढे थोडं जातं. 1918 च्या मे महिन्यात, पहिल्या महायुद्धाच्या गदारोळात, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, रस्त्यात, आगगाडीत, चर्चमध्ये, इतकंच काय टेलिफोनवरही इंग्रजीच बोलायचं. रोख मुख्यतः जर्मनवर होता, पण कुऱ्हाड नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळ्यांवर पडली. त्या वेळचे टेलिफोन म्हणजे एका तारेवर आठ-दहा घरं. कोण कोणत्या भाषेत बोलतो ते शेजाऱ्यांना आपोआप कळायचं. आजोबांचे वडील तेव्हा शाळेत होते. घरी आजीला इंग्रजी येत नव्हतं, आणि येत असतं तरी ती बोलली असती असं नाही. त्या घरात बोलणं आणखी कमी झालं. चाकू मात्र कुठल्याच भाषेत बोलत नाही. बाप कोरायचा, मुलगा बघायचा. काय चुकलं ते बाप बोटानं दाखवायचा. नॉर्वेजियन भाषा त्या घरातून दोन पिढ्यांत गेली. आजोबांना आज जेवणाआधीची प्रार्थना, काही खाद्यपदार्थांची नावं आणि लाकूड फाटलं की द्यायची एक शिवी, एवढंच नॉर्वेजियन येतं. कोरणं मात्र सगळंच्या सगळं उतरलं. न बोलणाऱ्या माणसांना न बोलता शिकवता येईल अशी ही विद्या होती. पाककृती सांगाव्या लागतात, गाणी म्हणावी लागतात. हिला फक्त दोन खुर्च्या लागल्या.

आता माणसांकडे येऊ. आजोबांच्या शेल्फवर एक अख्खं गाव उभं आहे. टोपीवाला शेतकरी, दुधाचा कॅन घेतलेली बाई, ओघळता कोट घातलेला पाद्री, बाकावर बसलेले दोघे ज्यांचं पटत नाही हे पाठीवरूनच कळतं. कोणी हसत नाही. वीतभर उंचीची माणसं, अंगावर चाकूचे सपाट घाव तसेच ठेवलेले, काचपेपर लावलेला नाही. एक घाव म्हणजे गाल, दुसरा घाव म्हणजे बाही. वर अगदी पातळ रंग, लाकूड दिसत राहील एवढाच. या सपाट घावांच्या पद्धतीचा सगळ्यात मोठा वस्ताद अक्सेल पेटरसन, डोडरहुल्टारेन या नावानं प्रसिद्ध, 1868 ते 1925. स्वीडनच्या स्मोलँडमधला, ऑस्कार्सहाम्नचा. आल्डरच्या लाकडात त्यानं आपल्या मुलखातले फाटके शेतकरी, लग्नं, प्रेतयात्रा, सैन्यभरतीच्या डॉक्टरपुढे उघडेवाघडे कुडकुडत उभे असलेले तरुण असे समूह कोरले. 1909 मध्ये स्टॉकहोमच्या प्रदर्शनानं त्याला एकदम नाव मिळवून दिलं. तो स्वीडिश होता, याबद्दल आजोबांनी त्याला माफ केलं आहे. नॉर्वे आणि स्वीडन 1905 मध्ये एकमेकांपासून वेगळे झाले. आजोबांच्या मते माफ करायला एवढा काळ पुरे.

आजोबांच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाचे हात खिशात आहेत. मला वाटलं होतं, हा त्या लोकांचा स्वभाव: थंडी, संकोच, चारचौघांत हातांचं काय करावं ते न कळणं. मी तसं म्हणाले. मी बोललेलं आजोबांना इतकं आवडलं, की त्यांनी ते दोघा-तिघांना फोन करून सांगितलं. मग खरं कारण सांगितलं. बोटं कोरणं कठीण असतं. पाच बोटं, त्यांच्यामधल्या फटी, लाकडाच्या रेषा आडव्या आल्या की टिचकन एक तुटतं आणि दोन दिवसांचं काम वाया. म्हणून हात खिशात. बायकांचे हात ॲप्रनखाली नाहीतर शालीखाली घालतात. पाद्र्याच्या हातात बायबल देतात, म्हणजे निदान चार बोटांचा प्रश्न पुस्तकामागे मिटतो. कलासमीक्षेचे मोठाले ग्रंथ वाचताना आता मला अधूनमधून शंका येते, की यातली किती तत्त्वज्ञानं कोणाच्या तरी बोटं टाळण्यातून आली असतील.

त्यांनी मलाही चाकू धरायला शिकवलं. पहिला नियम, बसल्या जागी हात लांब करून गोल फिरवला तर जेवढं वर्तुळ होतं तेवढ्यात कोणी यायचं नाही. दुसरा, चाकू बोथट असला तरच कापतो. धारदार चाकू सांगाल तिकडे जातो, बोथट घसरून बोटावर येतो. म्हणून अर्धा वेळ चामड्याच्या पट्ट्यावर पातं पाजवण्यात जातो, आणि माझा जीव त्यातच रमला, कारण तिथे काही तुटत नाही. तिसरा, चाकू स्वतःकडे ओढायचा, अंगठ्याच्या दिशेनं, हळूहळू. इथे माझी गाडी अडली. विळीवर भाजी चिरलेल्या बाईचा सगळा संस्कार उलटा असतो. आमचं पातं जमिनीशी पक्कं, हलायचं ते भाजीनं. पातंच हलायला लागलं की मला हातातल्या लाकडावर भरवसा ठेवावा की स्वतःवर, कळेना. मी घरी जाऊन तळघरातल्या खोक्यातून आईनं दिलेली विळी काढली आणि आजोबांना नेऊन दाखवली. जमिनीवर बसून, पायानं पाट दाबून कसं चिरतात तेही करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हिचा आम्ही विचार करायला हवा होता." मग विचारलं, "रोज वापरता?" मी म्हटलं, नाही, इकडे ओट्यावरच सुरी बरी पडते. त्यांनी मान डोलावली आणि मागच्या भिंतीवरच्या मँगल-फळीकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत. विळीला खिळा ठोकायला भिंत कुठली बरी, याचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे.

व्हेस्टरहाइममध्ये लार्स क्रिस्टेन्सन यांनी कोरलेली वेदी आहे. 1839 मध्ये नॉर्वेच्या सोग्न भागात जन्मलेला, 1864 मध्ये अमेरिकेत आलेला, मिनेसोटात बेन्सनजवळ शेती करणारा माणूस. 1897 पासून 1904 पर्यंत तो ती कोरत होता. बायबलमधले प्रसंग एकावर एक रचलेले, भोवती वेलबुट्टी, कुठे मोकळी जागा नाही. अमेरिकेतल्या लोककलेवर लिहिणारे तिचं नाव आदरानं घेतात आणि ते बरोबरच आहे. तिच्यापुढे उभं राहिलं की छाती दडपते. पण खरं सांगायचं तर माझा जीव तिथून लवकर निघून खिशात हात घातलेल्या वीतभर माणसांकडे जातो. त्या वेदीला माझी गरज नाही. या माणसांना निदान कोणीतरी वळवून भिंतीकडून समोर करायला हवं असतं.

गंमत पुढेच आहे. इकडे अमेरिकेत नातवंडं आजोबांची आठवण म्हणून ही सपाट घावांची माणसं कोरत राहिली आणि तिकडे मूळ देशात ती पद्धत जवळजवळ विसरली गेली. हे ध्यानात आलं ते हार्ली रेफ्सल यांच्या. मिनेसोटातल्या शेतावर वाढलेले, डेकोराच्या ल्यूथर कॉलेजात शिकवणारे रेफ्सल चाकू घेऊन नॉर्वेला गेले आणि तिथल्यांना त्यांचीच विद्या शिकवून आले. 1996 मध्ये नॉर्वेच्या राजानं त्यांना संत ओलाव पदक दिलं. विचार करा: पणजोबा पोट भरत नाही म्हणून गलबतात बसले, आणि पणतू परत जाऊन म्हणतो, तुमचा चाकू असा धरा. आजोबांना या गोष्टीचा अभिमान आहे, पण तो ते रागाच्या स्वरात व्यक्त करतात. "एवढ्यात विसरले," ते म्हणतात. "आम्ही काय, आम्हाला दुसरं काही आठवतच नव्हतं."

सध्या त्यांच्या घरात वारशाचा प्रश्न उभा आहे. प्रश्न त्या कुब्बेस्टोलचा. एकाच ओंडक्यातून कोरलेली खुर्ची: खालचा भाग ढोलासारखा पोकळ, त्यावर बैठक, मागे पाठ, जोड कुठेच नाही. ती आजोबांच्या वडिलांनी कोरली, पाठीवर घोडे आणि मधोमध आडनाव. खुर्ची सगळ्यांना हवी आहे आणि ठेवायला जागा कोणाकडे नाही. विमावाल्या मुलाच्या घरी पांढरे गालिचे आहेत. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथवर ती चढवायची म्हणजे चौघे धट्टेकट्टे पुतणे लागतील, पुतणे आहेत दोन. एका नाताळात म्हणे सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्यानं ती कोणाला न दाखवता खिशात घातली, आणि आजपर्यंत ती कोणाची होती हे उघड झालेलं नाही. खुर्ची जिथे होती तिथेच आहे. मी गेले की मला तिच्यावर बसवतात. बसायला ती फारशी आरामाची नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

नात मिनिॲपोलिसला शिकते. सुट्टीत आली की आजोबांच्या समोर बसून कोरते. दोघांचं मिळून तासाभरात एखादं वाक्य होतं. शेतकरी कोरायचा तिला कंटाळा, कारण शेतकरी तिनं फक्त शेल्फवरच पाहिले आहेत. या जानेवारीत तिनं बसथांब्यावर उभा असलेला एक तरुण कोरला. कान टोपीत, खांदे वर ओढलेले, मान खाली. थंडीत बस येत नाही तेव्हा माणूस जसा दिसतो तस्सा. फक्त तिनं त्याच्या एका हातात फोन दिला होता, त्यामुळे तो हात खिशाबाहेर काढावा लागला होता.

आजोबांनी तो तरुण दिव्याखाली धरला. सगळीकडून फिरवला. फोन धरलेल्या हातापाशी थांबले.

"बोटं जाड झालीत," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"हातमोजा घाल त्याला. जानेवारी आहे."

"हातमोज्यानं फोन चालत नाही, आजोबा."

आजोबांनी पट्टा पुढे ओढला आणि चाकू पाजवायला घेतला. पाच-सहा वेळा इकडून, पाच-सहा वेळा तिकडून.

"मग तर फारच बरं," ते म्हणाले.